संगणकीय माहितीचे विलोपन : कालबाह्य आज्ञा आणि आधुनिक पद्धती यांचा इतिहास

प्रस्तावना

इतिहासलेखन जतन झालेल्या साधनांवर उभे असते. त्यामुळे साधने नष्ट करण्याच्या तंत्रांचा इतिहास सहसा उपेक्षित राहतो. वास्तविक कोणता कागद उरला आणि कोणता उरला नाही, हे पुष्कळदा नष्ट करणाऱ्याच्या हाती कोणते साधन होते यावर अवलंबून असते. नोव्हेंबर १९७९ मध्ये तेहरानमधील अमेरिकी दूतावास ताब्यात घेतला गेला, त्या वेळी तेथील कर्मचाऱ्यांनी गोपनीय कागद यंत्रात घालून त्यांच्या पट्ट्या केल्या होत्या. गालिचे विणणाऱ्या कारागिरांच्या मदतीने त्या पट्ट्या पुन्हा जुळवण्यात आल्या आणि पुढे त्यांचे खंडच्या खंड प्रसिद्ध झाले. कागद कापणाऱ्या त्या यंत्राचे इंग्रजी नाव पुढे संगणकाच्या एका आज्ञेला मिळाले. ती आज्ञा म्हणजे 'श्रेड'. नावाबरोबर यंत्राचा दोषही त्या आज्ञेकडे आला, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

प्रस्तुत लेखात संगणकावरील माहिती कायमची पुसण्यासाठी वापरल्या गेलेल्या आज्ञांचा १९७१ पासूनचा प्रवास पाहण्याचा प्रयत्न केला आहे. या आज्ञा मुळात चुकीच्या होत्या असे लेखकाचे म्हणणे नाही. ज्या साठवण-साधनांसाठी त्या लिहिल्या गेल्या ती साधने बदलली. आज्ञा मात्र तशाच राहिल्या आणि त्यांच्यावरील विश्वासही तसाच राहिला. हा विश्वास आणि वस्तुस्थिती यांतील अंतर हा या लेखाचा विषय आहे.

'काढणे' म्हणजे पुसणे नव्हे

बेल प्रयोगशाळेत तयार झालेल्या युनिक्स प्रणालीची पहिली नियमपुस्तिका नोव्हेंबर १९७१ ची आहे. तीत 'आरएम' ही फाइल काढून टाकण्याची आज्ञा आढळते. ही आज्ञा ज्या अंतर्गत सेवेचा उपयोग करते तिचे नाव 'अनलिंक', म्हणजे दुवा तोडणे, असे आहे आणि ते नाव प्रामाणिक आहे. निर्देशिकेतील नाव आणि चकतीवरील मजकूर यांच्यामधील दुवा तेवढा तुटतो. मजकुराला कोणी हात लावत नाही. ग्रंथालयातील तालिकेतून कार्ड काढून घेतले तरी पुस्तक फडताळातच राहते, तसाच हा प्रकार आहे.

आपल्याकडील अनेक प्राध्यापकांचा संगणकाशी पहिला परिचय ज्या डॉस प्रणालीतून झाला, तिच्यात हे अधिक उघडपणे दिसत असे. 'डेल' ही आज्ञा दिल्यावर निर्देशिकेतील नोंदीचे केवळ पहिले अक्षर बदलून तेथे २२९ हे अंकमूल्य लिहिले जाई आणि फाइलने व्यापलेली जागा 'मोकळी' म्हणून नोंदवली जाई. ही खूण डॉसपूर्वीच्या सीपी/एम प्रणालीतून आली होती. उर्वरित नाव, तारीख, आकार आणि प्रत्यक्ष मजकूर जागच्या जागी राहत असे. पीटर नॉर्टन यांनी १९८२ मध्ये आणलेल्या उपयुक्तता-संचातील 'अनइरेज' या साधनाची कीर्ती याच गोष्टीवर उभी राहिली. मायक्रोसॉफ्टनेही १९९१ मधील डॉसच्या पाचव्या आवृत्तीत 'अनडिलीट' ही आज्ञा दिली. ती वापरताना संगणक वापरणाऱ्यालाच फाइलच्या नावाचे पहिले अक्षर विचारीत असे. कारण तेवढीच एक गोष्ट खरोखर पुसली गेलेली असे!

'फॉरमॅट' या आज्ञेविषयीचा समजही असाच होता. विंडोज एक्सपीपर्यंत हार्ड डिस्कचे संपूर्ण फॉरमॅट केले तरी मजकुराची जागा केवळ वाचून तपासली जाई. तेथे शून्ये लिहिण्यास सुरुवात झाली ती विंडोज व्हिस्टापासून. त्याआधी ज्या कार्यालयांनी 'फॉरमॅट मारून' संगणक विकले, त्यांनी आपली दप्तरेही त्यांच्यासोबत विकली असे समजावयास हरकत नाही.

पुसलेले आणि काढलेले : व्हाइट हाउसमधील दोन प्रकरणे

हा भेद राजकीय इतिहासात किती निर्णायक ठरू शकतो हे दाखवणारी दोन प्रकरणे अमेरिकेच्या एकाच कार्यालयात, सुमारे १४ वर्षांच्या अंतराने घडली.

पहिले प्रकरण वॉटरगेटचे आहे. २० जून १९७२ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन आणि त्यांचे सहायक हाल्डेमन यांच्यात झालेल्या संभाषणाच्या ध्वनिफितीत साडेअठरा मिनिटे केवळ गुणगुण ऐकू येते. न्यायालयाच्या सूचनेवरून नेमलेल्या तज्ज्ञ मंडळाने १९७४ मध्ये असा निष्कर्ष काढला की, हा भाग किमान पाच वेळा वेगवेगळ्याने पुसला गेला होता. फितीवर पुसण्याच्या यंत्राच्या खुणा स्पष्ट होत्या. शब्द मात्र एकही मिळाला नाही. सुमारे तीन दशकांनंतर अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने नव्या तंत्राने तो भाग परत मिळवता येतो का, याची चाचणी घेतली आणि २००३ मध्ये तो प्रयत्न सोडून दिला. म्हणजे जुन्या पद्धतीच्या चुंबकीय फितीवर साध्या घरगुती यंत्राने केलेले पुनर्लेखन एका महासत्तेच्या अभिलेखागारालाही उलटवता आले नाही.

दुसरे प्रकरण इराण-काँट्रा व्यवहाराचे. नोव्हेंबर १९८६ मध्ये हा व्यवहार उघडकीस येऊ लागताच राष्ट्रीय सुरक्षा परिषदेतील जॉन पॉइंडेक्स्टर आणि ऑलिव्हर नॉर्थ यांनी आयबीएमच्या 'प्रॉफ्स' या अंतर्गत टपालप्रणालीतील आपले संदेश काढून टाकले. पॉइंडेक्स्टर यांचे पाच हजारांहून अधिक, तर नॉर्थ यांचे सातशेच्या वर संदेश होते. दोघांनीही नेमून दिलेली आज्ञा व्यवस्थित वापरली होती. पण संगणककक्षात नित्यक्रमाने सुरक्षा-प्रती फितींवर घेतल्या जात आणि त्या फिती तेथील कर्मचाऱ्यांनी बाजूला जपून ठेवल्या. टॉवर आयोगाच्या फेब्रुवारी १९८७ मधील अहवालात या संदेशांचा भरपूर उपयोग झाला. अशा फिती यापुढे नष्ट करू नयेत यासाठी जानेवारी १९८९ मध्ये पत्रकार आणि संशोधकांनी खटला दाखल केला, आणि त्यातूनच इलेक्ट्रॉनिक टपाल हेही सरकारी दप्तर होय हे तत्त्व प्रस्थापित झाले.

एका प्रकरणात मजकूर गेला आणि खुणा राहिल्या. दुसऱ्यात नाव गेले आणि मजकूर राहिला. इतिहासाच्या अभ्यासकाने दुसऱ्या प्रकरणाबद्दल कृतज्ञ असावे आणि नागरिकाने त्याच प्रकरणापासून सावध व्हावे, अशी ही विचित्र स्थिती आहे. कोणती माहिती पुसणे हा हक्क आहे आणि कोणती पुसणे हा अपराध आहे, याचा निर्णय तंत्रज्ञान देत नाही.

पस्तीस फेऱ्यांचा उगम

पुनर्लेखनाला 'फेऱ्या' कशा चिकटल्या, हे पाहणे उद्बोधक आहे. अमेरिकी संरक्षण खात्याने गोपनीय काम करणाऱ्या उद्योगांसाठी काढलेल्या '५२२०.२२-एम' या क्रमांकाच्या नियमपुस्तिकेच्या १९९५ मधील आवृत्तीत एक तक्ता होता. एक अक्षर, मग त्याचे पूरक अक्षर, मग एखादे यादृच्छिक अक्षर सर्व जागांवर लिहावे आणि तपासावे, असा त्यातील एका पद्धतीचा आशय. 'तीन फेऱ्यांचे संरक्षण खात्याचे मानक' म्हणून पुढे जी पद्धत विक्रीच्या प्रत्येक डब्यावर छापली गेली ती हीच. गंमत अशी की, २००६ च्या आवृत्तीत हा तपशीलवार तक्ता उरला नाही, तरीही व्यापारी आज्ञावलींनी त्याचे नाव सोडले नाही.

याहून अधिक प्रभाव पडला तो एका शोधनिबंधाचा. जुलै १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे युसेनिक्स या संस्थेची सहावी सुरक्षा परिषद भरली होती. तीत न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठाचे पीटर गुटमन यांनी चुंबकीय आणि अर्धवाहक स्मृतींतील माहितीच्या सुरक्षित विलोपनावर निबंध वाचला. पूर्वीच्या डिस्कमध्ये लेखन करणारे शीर्ष प्रत्येक वेळी तंतोतंत त्याच मार्गावरून जात नसे. मार्गाच्या कडांना जुन्या मजकुराचे अवशेष राहण्याचा संभव असे. चुंबकीय बल सूक्ष्मदर्शकाने हे अवशेष तत्त्वतः पाहता येतील, अशी त्यांची मांडणी होती. त्यावर उपाय म्हणून त्यांनी ३५ फेऱ्यांचा क्रम दिला: आरंभी चार आणि शेवटी चार यादृच्छिक, मध्ये २७ ठराविक आकृतिबंध.

हे २७ आकृतिबंध कशासाठी होते, हे ध्यानात घेणे आवश्यक आहे. त्या काळी डिस्कवर अंक लिहिण्याच्या एमएफएम आणि आरएलएल अशा निरनिराळ्या संकेतपद्धती प्रचलित होत्या. आपली डिस्क कोणत्या पद्धतीची आहे हे ठाऊक नसेल तर सर्व पद्धतींचा समाचार एकदमच घ्यावा, म्हणून त्यांची बेरीज ३५ झाली. एका डिस्कला त्यांतील बहुतेक फेऱ्या निरुपयोगीच असत. नव्या पद्धतीच्या डिस्कसाठी काही यादृच्छिक फेऱ्या पुरेत, असे स्वतः गुटमन यांनी लिहिले आणि पुढे निबंधाला जोडलेल्या पुरवणीत, आपला क्रम लोक मंत्रतंत्राप्रमाणे म्हणू लागल्याबद्दल नापसंतीही नोंदवली. तोवर उशीर झाला होता. कोलिन प्लंब यांनी लिहिलेली 'श्रेड' ही आज्ञा याच निबंधाच्या आधारावर तयार झाली. तिच्या आरंभीच्या आवृत्तींत २५ फेऱ्या हा ठरलेला आकडा होता. पुढे तो तीनवर आणला गेला. विंडोजमधील 'सायफर' या आज्ञेचा पुसण्याचा पर्याय मोकळ्या जागेवर तीन वेळा लिहितो. ५०० गिगाबाइटच्या डिस्कवर सेकंदाला १०० मेगाबाइट या वेगाने एक फेरी करावयास सुमारे ८३ मिनिटे लागतात. पस्तीस फेऱ्यांना दोन दिवसांहून थोडा अधिक काळ लागेल. एवढे कष्ट घेतल्यावर मनुष्यास सुरक्षित वाटणे स्वाभाविकच होते.

त्याच परिषदेत डॅन बोने आणि रिचर्ड लिप्टन यांनी आणखी एक निबंध सादर केला होता, याचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. सुरक्षा-प्रतींच्या फितींवरील एखादी फाइल नंतर कशी नष्ट करावी, हा त्यांचा प्रश्न होता. प्रॉफ्स प्रकरणातील अडचण नेमकी हीच होती. त्यांचे उत्तर साधे होते: फितीवर मजकूर कूटलेखन करूनच लिहावा आणि नष्ट करावयाची वेळ येईल तेव्हा फक्त किल्ली नष्ट करावी. फिती कोठे आहेत, किती आहेत, याचा शोध घेण्याची गरजच उरत नाही. एकाच सभागृहात एकाच वर्षी दोन मार्ग मांडले गेले. पैकी घासण्याचा मार्ग लोकप्रिय झाला आणि किल्लीचा मार्ग सर्वसामान्यांपर्यंत यावयास दशकाहून अधिक काळ गेला. घासणे दिसते, त्याला वेळ लागतो, पडद्यावर टक्केवारी सरकताना दिसते. किल्ली पुसणे क्षणात होते आणि दिसत नाही. माझ्या मते या लोकप्रियतेचे कारण तांत्रिक नसून मानसिक होते.

समजुतीची परीक्षा

फेऱ्यांची चर्चा चालू असताना प्रत्यक्षात काय घडत होते? अमेरिकेतील सिम्सन गारफिंकल आणि अभि शेलाट यांनी नोव्हेंबर २००० ते ऑगस्ट २००२ या काळात १५८ वापरलेल्या डिस्क विकत घेतल्या. त्यांपैकी १२९ चालू स्थितीत होत्या. योग्य रीतीने पुसलेल्या निघाल्या त्या केवळ १२. इतरांत पाच हजारांहून अधिक क्रेडिट कार्ड क्रमांक, वैद्यकीय पत्रव्यवहार आणि एका एटीएम यंत्रातील व्यवहारांच्या नोंदी मिळाल्या. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने एक गोष्ट स्पष्ट केली: धोका सूक्ष्मदर्शकाचा नव्हता; धोका असा होता की बहुतेकांनी एकही फेरी केलेली नव्हती.

उलट बाजूची परीक्षा आपल्याच देशात प्रसिद्ध झाली. डिसेंबर २००८ मध्ये हैदराबाद येथे भरलेल्या माहितीप्रणाली-सुरक्षाविषयक आंतरराष्ट्रीय परिषदेत क्रेग राइट, डेव्ह क्लाइमन आणि श्याम सुंदर यांनी पुनर्लेखन झालेल्या डिस्कची चुंबकीय बल सूक्ष्मदर्शकाने केलेली तपासणी मांडली. वापरातील डिस्कवर एकदाच पुनर्लेखन केल्यानंतर एक अंक अचूक ओळखण्याची शक्यता त्यांना सुमारे ५६ टक्के आढळली. नाणे उडवून ती ५० टक्के मिळतेच. एका अक्षराला आठ अंक लागतात. आठही अंक अचूक येण्याची शक्यता शेकडा एकाहूनही कमी भरते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने तर सप्टेंबर २००६ मधील '८००-८८' या मार्गदर्शिकेतच सांगितले होते की, २००१ नंतरच्या हार्ड डिस्कसाठी एक फेरी पुरेशी आहे. अशा रीतीने ३५ वरून आकडा एकवर आला. परंतु हा निवाडा लागेपर्यंत पक्षकारच बदलले होते.

आज्ञेच्या पायाखालची जमीन

'फाइलवर पुन्हा लिही' असे सांगितले की नवा मजकूर जुन्याच जागी जातो, हे या सर्व आज्ञांचे गृहीतक होते. ते दोन पातळ्यांवर ढासळले.

पहिली पातळी फाइलप्रणालीची. वीज गेली तरी हिशेब बिघडू नये म्हणून आधुनिक फाइलप्रणाली व्यापाऱ्याच्या रोजकीर्दीप्रमाणे बदलांची आगाऊ नोंद ठेवू लागल्या. काही मांडणींत या नोंदीत प्रत्यक्ष मजकूरही जातो, म्हणजे त्याची दुसरी प्रत तयार होते. सन मायक्रोसिस्टिम्सची झेडएफएस किंवा ॲपलची २०१७ मधील एपीएफएस यांसारख्या प्रणाली तर जुन्या जागी लिहीतच नाहीत. नवा मजकूर नव्या जागी ठेवून मग दुवा बदलतात. 'श्रेड'च्या नियमपुस्तिकेतच ही मर्यादा फार पूर्वीपासून नोंदवलेली आहे, पण नियमपुस्तिका वाचणारे विरळाच! लिनक्समधील ईएक्सटी-२ प्रणालीत फाइलला 'एस' हा गुणधर्म देऊन ठेवला की ती काढताना तिची जागा शून्यांनी भरली जाईल, असे आश्वासन होते. त्याच पानाच्या तळाशी, हा गुणधर्म प्रत्यक्षात पाळला जात नाही, असाही खुलासा आहे.

दुसरी पातळी खुद्द साधनाची, आणि ती अधिक गंभीर आहे. फ्लॅश स्मृतीत एखादी जागा पुन्हा लिहिण्यापूर्वी तिच्याभोवतीचा मोठा खंड पुसावा लागतो आणि प्रत्येक खंड ठराविक वेळाच पुसता येतो. म्हणून एसएसडीतील नियंत्रक प्रत्येक नवे लेखन वेगळ्या कोऱ्या जागी करतो आणि कोणत्या क्रमांकाचा मजकूर कोठे आहे याचा नकाशा स्वतःपाशी ठेवतो. बाहेरून पाहता घराचा क्रमांक तोच राहतो. घर मात्र प्रत्येक वेळी दुसऱ्या गल्लीत असते. जुने घर पाडले जाईपर्यंत आतील सामानासह उभे राहते. शिवाय उत्पादक काही जागा राखीव ठेवतो, तिच्यापर्यंत संगणकाची कोणतीही सामान्य आज्ञा पोहोचत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतील मायकेल वेई, स्टीव्हन स्वॉन्सन आणि सहकाऱ्यांनी फेब्रुवारी २०११ मध्ये याचा प्रयोगसिद्ध पुरावा दिला. एकेक फाइल पुसण्याची प्रत्येक प्रचलित पद्धत त्यांनी एसएसडीवर वापरून पाहिली; एकही यशस्वी झाली नाही. फाइलच्या मजकुरातील ४ ते ७५ टक्के भाग चिपवर शिल्लक राहिला. संपूर्ण साधनावर दोनदा लेखन केले तर ते बहुधा पुरे, पण नेहमीच नव्हे. अधिक अस्वस्थ करणारी बाब अशी की, साधनातच बसवलेल्या पुसण्याच्या आज्ञेने एका ठिकाणी 'काम पूर्ण झाले' असे कळवले, आणि मजकूर जसाच्या तसा होता.

यानंतर माघार सुरू झाली. ॲपलने २००३ पासून दिलेली कचरापेटी सुरक्षितपणे रिकामी करण्याची सोय २०१५ मध्ये काढून घेतली. फ्लॅश स्मृतीवर तिची हमी देता येत नाही हे कारण दिले. पुढील वर्षी मॅकओएस सिएरातून 'एसआरएम' ही आज्ञाही गेली. फ्रीबीएसडी प्रणालीत 'आरएम'ला मोठ्या लिपीतील 'पी' जोडला की पूर्वी फाइलवर पुनर्लेखन होत असे. आज ती खूण स्वीकारली जाते, पण तिचा परिणाम काहीच होत नाही. जुन्या आवृत्तीशी सुसंगती राखण्यापुरती ती ठेवली असल्याचे नियमपुस्तिका सांगते. जुन्या वाड्याच्या भिंतीत बुजवलेले दार राहावे, तशी.

किल्ली नष्ट करण्याचा मार्ग

आजच्या पद्धतींचे सूत्र असे की, संगणकाने साधनावर बाहेरून घासत बसू नये; साधनाच्या नियंत्रकालाच पुसण्यास सांगावे. एटीए पद्धतीच्या डिस्कमध्ये 'सिक्युअर इरेज' ही आज्ञा सुमारे २००१ पासून सर्रास येऊ लागली; नव्या एनव्हीएमई साधनांत 'सॅनिटाइझ' ही आज्ञा असते. त्या राखीव जागेपर्यंत पोहोचू शकतात. दुसरा आणि अधिक भरवशाचा मार्ग म्हणजे १९९६ मधील बोने आणि लिप्टन यांची कल्पना: आरंभापासून सर्व मजकूर कूटलेखित ठेवावा आणि शेवटी किल्ली नष्ट करावी. २००९ मधील आयफोन ३जीएसमध्ये संपूर्ण फोन काही क्षणांत 'रिकामा' होऊ लागला, त्यामागे हेच तत्त्व होते.

तथापि येथेही आंधळा विश्वास उपयोगाचा नाही. नेदरलँड्समधील राडबाउड विद्यापीठाच्या कार्लो मायर आणि बर्नार्ड व्हान गास्टेल यांनी नोव्हेंबर २०१८ मध्ये असे दाखवून दिले की, स्वतःच कूटलेखन करणाऱ्या काही नामांकित एसएसडींत किल्ली आणि वापरणाऱ्याचा परवलीचा शब्द यांचा परस्परांशी संबंधच जोडलेला नव्हता. म्हणून साधनाच्या अंगभूत कूटलेखनापेक्षा कार्यप्रणालीने केलेले, लिनक्समधील 'लक्स'सारखे कूटलेखन श्रेयस्कर ठरते; त्याची रचना तरी तपासता येते. चुंबकीय क्षेत्राने डिस्क निकामी करण्याचा जुना उपाय फ्लॅशवर मुळीच लागू पडत नाही, कारण तिच्यात चुंबकत्वाचा संबंध नाही. अमेरिकी मार्गदर्शिकेच्या सप्टेंबर २०२५ मधील दुसऱ्या सुधारित आवृत्तीचा भरही आज्ञांच्या यादीपेक्षा संस्थेच्या कार्यपद्धतीवर आहे.

महाविद्यालयीन दप्तराच्या संदर्भात

हा विषय आपल्या कार्यालयांपासून दूर नाही. प्रवेशअर्ज, जातप्रमाणपत्रे, शिष्यवृत्तीसाठी घेतलेले आधार आणि बँकखाते क्रमांक, अंतर्गत गुणांच्या याद्या, हे सारे महाविद्यालयाच्या संगणकांवर असते. जडवस्तू नोंदवहीत नोंदलेल्या संगणकाचे निर्लेखन होताना समिती त्याची खरेदी-किंमत, घसारा आणि भंगाराचे मूल्य पाहते. आतल्या डिस्कचा स्वतंत्र रकाना त्या नोंदवहीत सहसा नसतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने माहितीचा हेतू संपल्यावर ती पुसून टाकण्याचे कर्तव्य माहिती बाळगणाऱ्यावर टाकले आहे. कायद्याने जपणे आवश्यक असलेली माहिती त्यास अपवाद आहे. या अधिनियमाचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू करण्याची तरतूद त्यांत आहे. तेव्हा निर्लेखनाच्या प्रस्तावाला एक पान जोडावे लागेल: डिस्कचा अनुक्रमांक, ती चुंबकीय आहे की फ्लॅश, ती कूटलेखित होती का, कोणत्या पद्धतीने पुसली, पुसल्यानंतर वाचून कोणी तपासली. चुंबकीय असेल तर संपूर्ण डिस्कवर शून्यांची एक फेरी पुरे. फ्लॅश असेल तर नियंत्रकाची आज्ञा द्यावी आणि नंतर तपासावे. जी डिस्क सुरूच होत नाही तिच्यावर कोणतीही आज्ञा चालत नाही, पण तिच्यातील चकत्या अथवा चिप दुसऱ्या यंत्रात वाचता येऊ शकतात. ती लिलावात न देता समितीसमोर फोडावी आणि तसे इतिवृत्तात लिहावे.